पुढच्या चाकाचा खळगा

विमानतळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या भिंती आणि सरकते जिने येतात. हे मैदान तसलं नव्हतं. एक धावपट्टी, पत्र्याची एक लांबलचक शेड, ऑफिसात चहाचं एक मशीन, ज्यातून चहा कमी आणि गरम पाणीच जास्त यायचं, आणि आपापल्या छोट्या विमानावर जीव टाकणारी वीस-पंचवीस माणसं, एवढाच कारभार. त्या माणसांत एक ताई होती. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा म्हणून सगळं मैदानच ताई म्हणायला लागलं. मॅनेजर तर तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, पण तेही ताईच म्हणायचे.

ताई विमानांची मेकॅनिक. दुरुस्तीच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तिने तीस वर्षं लोकांची विमानं खोलली आणि जोडली. स्वतःचं म्हणावं असं विमान मात्र एकच. दोन सीटांचं, कापडी पंखांचं, पंख डोक्याच्या वर आणि तिसरं चाक शेपटीखाली असलेलं. ते तिने आणि धाकट्याने भंगारातून उचलून आणलं होतं आणि वडिलांच्या गोदामात अकरा वर्षं खपून उभं केलं होतं. खपून म्हणजे ताई खपली. धाकटा सांगितलं ते धरून उभा राहायचा आणि बाकीचा वेळ, विमान तयार झालं की आपण कुठे कुठे जायचं, ते सांगत बसायचा. ते ऐकायला ताईला आवडायचं. स्वतः तिला उंचावर गरगरायचं. शिडीच्या पाचव्या पायरीवर तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. त्यामुळे वाटणी आपोआप झाली. जमिनीवर विमान ताईचं, वर गेलं की धाकट्याचं.

कागदोपत्री मात्र ते एकट्या धाकट्याचं होतं. नोंदणीच्या वेळी तोच म्हणाला होता, "अगं, दरवर्षी तपासणीची सही तू करणार. तूच मालक आणि तूच तपासणारी असलीस तर लोक काय म्हणतील? घरचं विमान आणि घरचीच सही! तुझ्या सहीची किंमत जाईल." ताईला आपल्या सहीचा भारी अभिमान. तिला ते पटलं. शिवाय बहीणभावांत कसलं आलंय तुझं-माझं? सत्तेचाळीस वर्षांच्या त्या बाप्याला ती अजून 'बाळ' म्हणायची.

तर या बाळाच्या आणि ताईच्या विमानावर संक्रांत आली ती शेडमुळे. शेडचे पत्रे गंजून चाळणी झाले होते. मॅनेजरांनी सगळ्यांना बोलावलं आणि अडीच महिन्यांनी शेड पाडणार असल्याचं जाहीर केलं.

"धावपट्टीच्या कडेला प्रत्येकाला जागा आखून देतो," ते म्हणाले. "खाली काय घालायचं ते ज्याचं त्याने ठरवा, पण काहीतरी पक्कं घाला. नुसत्या मातीवर कुणाचं विमान उभं दिसलं तर मी ते मैदानाबाहेर काढायला लावीन. मग घराच्या गच्चीवर ठेवा नाहीतर डोक्यावर घ्या."

लोक हसले. ताईला हसू आलं नाही. दुसरं मैदान होतं ते बसने तीन तासांवर. विमान तिकडे गेलं असतं तर ते तिच्या हातून गेल्यातच जमा होतं. महिन्यातून एकदा जाऊन पाहुण्यासारखं बघून यायचं, एवढंच उरलं असतं. इथे ती रोज सकाळी यायची, फडक्याने पंख पुसायची, एखादा बोल्ट उगाचच चाचपायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, नोकरी संपलेली. ते विमान आणि धाकटा, एवढाच तिचा संसार होता, आणि तो तिला पुरत होता.

"जागेचं तू बघ, ताई," धाकटा म्हणाला. "तुला त्यातलं कळतं. तू ठरवशील ते."

मग काय, ताईच्या अंगात वारं शिरलं. ज्यांची विमानं आधीपासून उघड्यावर होती त्यांना तिने एकेक करून गाठलं. मिशाळकाकांचं विमान गवतावर. "गवतासारखं सुख नाही," काका मिशा कुरवाळत म्हणाले, "चाकांना मऊ आणि डोळ्यांना गार." ताईने एक लोखंडी सळई आणली आणि त्यांच्या विमानाच्या चाकाशेजारी दाबली. एका हाताच्या जोराने ती वीतभर आत गेली. मग तिने शेपटीजवळचं झाकण उघडून दाखवलं, तर आत उंदरांनी संसार थाटलेला. काका दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

एका फोटोग्राफरने खडी टाकली होती. खडी स्वस्त, पाणी झिरपून जातं, सगळं खरं. पण इंजिन सुरू झालं की पुढचा पंखा खालचे खडे ओढून घेतो. ताईने पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवत एकेक टवका मोजून दाखवला. सतरा भरले.

"ते आधीपासूनच होते," फोटोग्राफर म्हणाला.

"हो, जन्मखुणा असतील," ताई म्हणाली.

एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. घरामागच्या अंगणात तिने फूटफूटभर लांबी-रुंदीचे पाच चौकोन केले. एकात गवत, एकात खडी, एकात डांबर, एकात सिमेंटचे ब्लॉक आणि एकात काँक्रीट. विमानाचं एक जुनं चाक, त्यावर फळी, फळीवर वाळूची पोती, आणि हे सगळं प्रत्येक चौकोनावर चार-चार दिवस. शेजारीण कुंपणावरून रोज विचारायची, "ताई, कुणाला पुरायचा बेत आहे?" ताई म्हणायची, "अजून ठरायचंय, तुमचं नाव टाकू का?" गवतात चाक रुतलं. डांबर दुपारच्या उन्हात मऊ झालं आणि चाकाचा ठसा उमटला. वर थोडं पेट्रोल ठिबकवलं तर ते पाघळून काळं पाणीच झालं. ब्लॉक एका कोपऱ्यात खचले. काँक्रीटवर चार दिवसांनी साधा ओरखडाही नव्हता.

धाकटा रोज संध्याकाळी यायचा. इतकी वर्षं विमानाच्या देखभालीचं नाव काढलं की ज्याला जांभई यायची, तो आता अंगणात उकिडवा बसून प्रश्नामागून प्रश्न विचारायचा.

"चार इंच जाडी पुरेल म्हणतेस. पण समजा वजन दीडपट असलं तर?"

"आपलं विमान कशाला दीडपट होतंय? तू जेवण वाढवलंयस का?"

"नाही गं, समजा. कधी एखादं पाहुणं विमान येऊन उभं राहिलं."

ताईला भरून आलं. बाळ पहिल्यांदाच पुढचा विचार करत होता. दुसऱ्या दिवशी सकाळभर बसून तिने आकडेमोड केली आणि सहा इंच जाडी सांगितली, आत सळयांची जाळी घालून. मग तो म्हणाला, रुंदी सव्वीसच्या ऐवजी चौतीस फूट करू या, चारी बाजूंनी ऐसपैस फिरता येईल. तेही तिने मान्य केलं. मग तो म्हणाला, वर्षाची तपासणी दोन महिने आधीच उरकून टाक ना, नव्या जागेवर नव्या सहीने जाऊ दे विमान. ताईने तीन दिवस खर्ची घालून विमान नखशिखान्त तपासलं, दोन ठिकाणी कापड बदललं, आणि वहीत झोकात सही केली. मैदानावर ती ज्याला-त्याला सांगत सुटली, "आमच्या बाळाला अक्कल आली हो! उशिरा आली, पण आली."

सगळ्यात जास्त डोकं तिने लढवलं ते कड्यांच्या बाबतीत. उघड्यावरचं विमान तीन ठिकाणी दोरीने बांधतात, दोन्ही पंखांना आणि शेपटीला. दोऱ्यांची खालची टोकं जमिनीतल्या लोखंडी कड्यांना अडकवायची. या कड्या काँक्रीट ओलं असतानाच रोवाव्या लागतात. एकदा ते घट्ट झालं की मग फोडाफोडीशिवाय इलाज नाही. ताईने शेडमध्ये विमान सरळ उभं केलं, पंखाखाली जिथे दोरी बांधतात त्या दोन्ही जागांतून ओळंबे सोडले, जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि तीन-तीनदा मोजून बावीस फूट हे अंतर लिहिलं. चाकं बसतील तिथे बोटभर खोल खळगे करायचे, म्हणजे विमान घरंगळणार नाही, आणि पाणी साचू नये म्हणून प्रत्येक खळग्यातून एक चर बाहेर काढायचा. मोठ्या चाकांचे दोन खळगे पुढे, शेपटीच्या चिमुकल्या चाकाचा एक मागे. हे सगळं तिने एका कागदावर पट्टी लावून काढलं आणि धाकट्याकडे दिलं, कारण गवंड्याशी बोलणं तो करत होता.

"काँक्रीटची गाडी गुरुवारी अकराला येणार," तो म्हणाला. "तू साडेदहापर्यंत ये, आधी येऊन उन्हात उभी राहू नकोस."

गुरुवारी ताई साडेआठलाच पोचली. तिला काँक्रीटवर टाकायची पोती भिजत घालायची होती. पुढचे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला आपण यायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. बारा पोत्यांचा भारा गुडघ्याएवढा उंच, तो बसमधून उतरवताना कंडक्टरने तिला काय काय ऐकवलं, पण ती गाणं गुणगुणतच मैदानात शिरली.

जागेवर काँक्रीट ओतून झालं होतं. गाडी केव्हाच निघून गेली होती. गवंडी गुडघ्याखाली फळी घेऊन थापीने शेवटचा हात फिरवत होता. त्याने वर बघितलं आणि उठूनच उभा राहिला.

"ताई! अहो, तुम्ही कशाला आलात? बरं वाटतंय का आता?"

"मला काय झालंय?"

"दादा म्हणाले, तुम्हाला ताप आहे. म्हणाले, ताई काही यायच्या नाहीत, तुम्ही सात वाजताच सुरू करा."

"काहीतरी ऐकण्यात घोटाळा झाला असेल," ताई म्हणाली. तिला तसंच वाटलं. आणि मग तिची नजर खळग्यांवर गेली. खळगे सुबक झाले होते, चरही सरळ निघाले होते. पण एक खळगा पुढे होता आणि दोन मागे.

ताईचा पारा चढला. "अरे, कागद उलटा धरलास की काय! दोन पुढे, एक मागे. एवढी पट्टी लावून आकृती काढून दिली, बाण दाखवले, आणि तू विमानच फिरवून टाकलंस? आमच्या विमानाला नाकाखाली चाक आहे का? डोळे घरी ठेवून आलास?"

गवंड्याला ते झोंबलं. तोही तीस वर्षं या धंद्यात होता. "ताई, कागद उलटा धरून मी घरं बांधली असती ना, तर माणसं छतावर चालत असती," तो म्हणाला, आणि खिशातून घडी काढून त्याने तिच्या हातात दिली. "हे बघा. दादांनीच दिलंय. माझी चूक निघाली तर मी थापी खाली ठेवतो."

तो कागद तिचा नव्हता. पण अक्षर तिच्या ओळखीचं होतं. ते तिनेच मांडीवर बसवून, बोट धरून गिरवून घेतलं होतं. वर बाण काढून 'पुढे' लिहिलं होतं, बाणाखाली एक गोल आणि त्याला 'पुढचं चाक' असं नाव. जाडी सहा इंच. रुंदी चौतीस फूट. पंखांच्या दोन कड्यांमधलं अंतर तीस फूट.

ताईने कागद दोनदा वाचला. मग तिला अंगणातले प्रश्न आठवायला लागले. दीडपट वजन असलं तर? पाहुणं विमान आलं तर? थोडं रुंद करू या का? एकेक प्रश्न विचारताना त्याचा चेहरा कसा होता तेही आठवलं, आणि आपण किती उत्साहाने, किती बारीकसारीक सांगत बसलो तेही. तिला स्वतःचीच लाज वाटली. तपासणीची आठवण झाली तेव्हा ती पोत्यांच्या भाऱ्यावर जाऊन बसली.

"ताई, कड्या तेवढ्या राहिल्यात," गवंडी जरा हळू आवाजात म्हणाला. "अर्ध्या तासात हे घट्ट होईल. मग मला काही करता येणार नाही. तीस फुटांवर रोवू ना?"

"थांब जरा. मालक येऊ देत," ताई म्हणाली.

मालक दहा मिनिटांत आले. गाडीतून धाकटा उतरला. शेजारच्या सीटवर दातांचे डॉक्टर होते. मैदानावर ते वर्षभर शिकाऊ म्हणून उडत होते. ताईला बघून त्यांनी गाडीची काच वर केली आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"ताई? तू साडेदहाला येणार होतीस ना?"

"मला ताप आहे म्हणे."

धाकटा हसला. लहानपणी बरणीत हात घातलेला सापडला की हसायचा तसाच.

"हे कुठल्या विमानाचे खळगे आहेत?" तिने विचारलं.

"मी सांगणारच होतो गं. एकदा हे काम होऊ दे, मग निवांत बसून..."

"मी निवांतच आहे. सांग."

त्याने सांगितलं. आधी अडखळत, मग पाठ केल्यासारखं भराभर. डॉक्टर आणि तो मिळून दुसरं विमान घेत होते. चार सीटांचं, पत्र्याचं, खाली पंख असलेलं, "तेच गं, तुमच्या वर्कशॉपला नेहमी यायचं ते." वीस तारखेला ते येणार होतं. कापडी पंखांचं विमान उघड्यावर किती दिवस टिकणार, तूच म्हणायचीस ना? आणि आता लांबचा प्रवास करायचा तर दोन सीटांत काय होतं?

"आणि आपलं?" ताई म्हणाली. ते तिला केव्हाच कळलं होतं, तरी तिने विचारलं.

"ते दिलं, ताई. मागच्या महिन्यातच बोलणं झालं. घेणारा शनिवारी न्यायला येतोय." आणि मग, तिला जरा बरं वाटावं म्हणून, तो म्हणाला, "तुझ्यामुळेच तर लगेच गेलं. वहीत ताजी तपासणी, खाली तुझी सही. ती बघितल्यावर त्याने दुसरा प्रश्नच विचारला नाही."

ताईने इतक्या वर्षांत बरीच बोलणी खाल्ली होती. बाई असून पाना कशाला धरतेस इथपासून. पण असं तोंडात मारल्यासारखं तिला कधीच झालं नव्हतं. ज्याला तळहातावर झेललं त्याने केसाने गळा कापला होता, आणि वर सुरीची धार छान लावून दिलीस म्हणून तिचेच आभार मानत होता.

"माझं विमान विकलंस तू."

"आपलं, ताई."

"मग आपल्याला कधी विचारलंस?"

धाकट्याने बुटाच्या टोकाने एक खडा उडवला. "तू रडशील म्हणून नाही सांगितलं. तू रडलीस की मला काही सुचत नाही. आणि हे बघ, मला भांडायचं नाहीये, पण कागदावर ते माझ्याच नावावर आहे. म्हणजे तसं बघितलं तर मला विचारायची..." पुढचं वाक्य त्याने गिळलं. "तुझा वाटा मी तुला देणारच आहे."

"वाटा? कुठला पंख कुणाला विकलास ते सांग, म्हणजे माझा वाटा कुठला ते कळेल."

"ताई, असं नको ना बोलूस. तुझ्याशिवाय काही होणार आहे का? नव्याचं सगळं तूच बघायचंस. डॉक्टरांना मी आधीच सांगून ठेवलंय, आमची ताई असताना दुसरा मेकॅनिक शोधायचा नाही."

तो हे अगदी मनापासून बोलत होता, आणि तेच ताईला सहन होईना. त्याच्या डोक्यात पुढच्या वीस वर्षांच्या सकाळी तयार होत्या. ताई येणार, ताई पुसणार, ताई सही करणार. विमान कुठलं आणि कुणाचं, याने ताईला काय फरक पडतो? ती रडली नाही. डॉक्टर काचेआडून बघत होते आणि गवंडी थापी हातात धरून उभा होता.

"दादा, वेळ चाललाय," गवंडी म्हणाला. त्याने सुतळी ताणून कड्यांच्या जागा धरल्या होत्या. "तीस फूट. एकदा बघून घ्या, मग मी रोवतो."

ताईने सुतळीकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. त्या जातीची विमानं तिने वर्कशॉपच्या आवारात शेकड्यांनी बांधली होती. त्यांच्या पंखाखाली दोरी जिथे बांधतात त्या दोन जागांमध्ये वीस फूट अंतर असतं. तीस फूट म्हणजे एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंतची पूर्ण लांबी. धाकट्याने विमानाचं पुस्तक उघडलं होतं, पहिल्या पानावर जो मोठा आकडा दिसला तो उतरवून घेतला होता. दुसऱ्या कुणाला विचारायचं त्याला सुचलं नसणार, कारण असलं काही विचारायचं ते ताईला, एवढंच त्याला आयुष्यभर माहीत होतं, आणि या वेळी तिला विचारायची सोय त्याने ठेवली नव्हती.

कड्या तीस फुटांवर बसल्या तर दोन्ही दोऱ्या पाच-पाच फूट बाहेर, जवळजवळ आडव्या जाणार. वारा विमानाला वर उचलतो; आडव्या दोरीने ते खाली धरलं जात नाही. पहिल्याच वादळात ते उचललं जाईल. त्याआधीच कुणाच्या लक्षात आलं, तर सहा इंच जाडीचं, आत जाळी घातलेलं काँक्रीट फोडावं लागेल. ते किती चिवट आहे हे तिच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तीसच," धाकटा म्हणाला. "मी स्वतः पुस्तकात बघून लिहिलंय." आणि त्याने ताईकडे बघितलं. शाळेची वही दाखवताना बघायचा तसं, बरोबर आहे ना, एवढंच विचारत.

गवंडीसुद्धा तिच्याकडेच बघत होता. "ताई, बघताय ना?"

तीस वर्षांत ताईने चुकीचं माप कधी पोटात ठेवलं नव्हतं. वैऱ्याचं विमान असतं तरी तिने ओरडून सांगितलं असतं. एकदा तर बससाठी पळता पळता मागे फिरून तिने एका अनोळखी माणसाला त्याची दोरी ढिली असल्याचं सांगितलं होतं, आणि बस चुकवली होती. वीस, हा एकच शब्द बोलायचा होता. तो जिभेच्या टोकावर आला. तिने ओल्या काँक्रीटमधला तो पुढच्या चाकाचा खळगा बघितला, गुळगुळीत, तिने सांगितला होता तेवढाच बोटभर खोल, तिने सांगितलेल्या चरासकट.

"लिहिलंय तसंच कर," ती म्हणाली.

गवंड्याने पहिली कडी रोवली, मग सुतळीच्या दुसऱ्या टोकाला दुसरी, मग मागे शेपटीची. थापीने कडेचं काँक्रीट सारखं केलं. ताई तिथेच उभी राहून बघत होती.

धाकट्याचा चेहरा खुलला. ताईचा राग एवढ्यावरच निभावला, असं त्याला वाटलं असावं. तो लगबगीने गाडीकडे गेला, काचेवर टकटक केली, आणि काच खाली होताच म्हणाला, "झालं, डॉक्टर. ताईने स्वतः उभं राहून बघितलंय. आता डोळे झाकून विमान आणा."

ताईने पोत्यांचा भारा उचलला आणि बसच्या थांब्याकडे चालायला लागली.